महासाथीच्या काळात निर्वासितांचा कायदेशीर दर्जा आणि आरोग्यसेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कायद्यात लिहिलेला हक्क आणि रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर मिळणारे उत्तर यांत किती अंतर असू शकते, हे कोविडच्या महासाथीने निर्वासितांच्या बाबतीत फार स्पष्टपणे दाखवून दिले. पुढील प्रश्न त्या अंतराविषयी आहेत. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असल्याने येथील उत्तरे दिशा समजण्यासाठी आहेत. एखाद्या व्यक्तीच्या प्रकरणात त्या देशातील वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

निर्वासित, आश्रयार्थी आणि स्थलांतरित हे शब्द एकाच अर्थाने वापरता येतात का?

बोलण्यात ते तसे वापरले जातात, कायद्यात तसे चालत नाही. निर्वासितांच्या दर्जाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २८ जुलै १९५१ रोजी जिनिव्हा येथे संमत झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जी व्यक्ती स्वदेशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही किंवा भीतीपोटी घेऊ इच्छित नाही, ती या कराराच्या पहिल्या कलमानुसार निर्वासित ठरते. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वी घडलेल्या घटनांपुरता मर्यादित होता. १९६७ च्या प्रोटोकॉलने, म्हणजे पूरक कराराने, ती मर्यादा काढून टाकली. ज्याने असे संरक्षण मागितले आहे, परंतु ज्याच्या अर्जावर अंतिम निर्णय झालेला नाही, तो आश्रयार्थी. स्थलांतरित हा शब्द या दोघांहून व्यापक आहे आणि त्याची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही. सीमा न ओलांडता घर सोडावे लागलेले लोक देशांतर्गत विस्थापित म्हणून ओळखले जातात. ते आपल्याच देशाचे नागरिक असतात.

येथे एक मुद्दा नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावर उभी आहेत. सरकारने प्रमाणपत्र दिले म्हणून कोणी निर्वासित होत नाही. व्याख्येतील अटी पूर्ण झाल्या त्या क्षणापासून ती व्यक्ती निर्वासित असते आणि सरकारी निर्णय केवळ त्या वस्तुस्थितीला मान्यता देतो. त्यामुळे अर्ज प्रलंबित असलेल्या माणसाला 'अजून निर्वासित नाही' असे समजून वागवणे धोक्याचे असते: त्याचा दावा खरा असेल, तर तो पहिल्या दिवसापासूनच खरा असतो.

महासाथीत या दर्जाचा प्रश्न एकदम इतका गंभीर का झाला?

कारण कार्यालये बंद झाली, पण कागदांच्या मुदती चालूच राहिल्या. आश्रयाच्या मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या, नव्या अर्जांची नोंदणी थांबली, बोटांचे ठसे घेणे बंद झाले आणि ज्यांचे तात्पुरते परवाने त्या महिन्यांत संपत होते त्यांना नूतनीकरणासाठी जायला जागाच उरली नाही. बहुतेक देशांत सार्वजनिक आरोग्यसेवेची नोंदणी राहण्याच्या परवान्याशी जोडलेली असते. परवान्याची तारीख उलटली की संगणक नाव स्वीकारत नाही, आणि समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला इच्छा असूनही काही करता येत नाही. कोणताही गुन्हा न करता, कोणताही नियम न मोडता, केवळ कॅलेंडरचे पान उलटल्यामुळे माणसे बेकायदा ठरू लागली.

पोर्तुगालने यावर काढलेला मार्ग अगदी साधा होता. ज्या परदेशी व्यक्तींचे अर्ज १८ मार्च २०२० रोजी प्रलंबित होते, त्यांचे वास्तव्य ठरावीक मुदतीपर्यंत नियमित मानले जाईल आणि अर्ज केल्याची पोच हाच राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी पुरेसा पुरावा ठरेल, असा निर्णय तेथील सरकारने मार्चअखेर जाहीर केला. यात आश्रयार्थीही होते. नंतर ही मुदत वाढवण्यात आली. या निर्णयाने कोणाला कायमचे नागरिकत्व मिळाले नाही, कोणाचा अर्ज आपोआप मंजूर झाला नाही; अर्जाचा निकाल आणि दवाखान्याचे दार या दोन गोष्टी काही काळापुरत्या वेगळ्या केल्या गेल्या, इतकेच. माझ्या मते महासाथीतील सर्व उपायांमध्ये सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त अनुकरणीय उपाय हाच होता. परवान्यांच्या मुदती सरसकट वाढवण्याचे आदेश इतर अनेक देशांनीही काढले. मात्र मुदत वाढली आहे हे रुग्णालयांना कळवण्याची व्यवस्था प्रत्येक ठिकाणी झालीच असे नाही, आणि कार्डावर छापलेली जुनी तारीख पाहूनच निर्णय देणारे कर्मचारी त्या आदेशाची प्रत कुठून आणणार?

साथीच्या कारणाने देशाने सीमा पूर्ण बंद केली, तर ते कायदेशीर असते का?

सीमेवर नियंत्रण ठेवणे, तपासणी करणे, ठरावीक दिवस विलगीकरणात ठेवणे हे देशाच्या अधिकारात येते. आश्रय मागणाऱ्याचे म्हणणेही न ऐकता त्याला धोक्याच्या ठिकाणी परत लोटणे मात्र वेगळे आहे. १९५१ च्या कराराचे ३३ वे कलम, ज्या प्रदेशात जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासिताला पाठवण्यास मनाई करते. या मनाईला करारातच दोन अपवाद आहेत: संबंधित व्यक्ती त्या देशाच्या सुरक्षेला धोका असल्याचे मानण्यास सबळ कारण असणे, किंवा विशेष गंभीर गुन्ह्यासाठी अंतिमतः दोषी ठरल्याने ती समाजाला धोका असणे. आजार हा त्यांत नाही. यातना दिल्या जातील अशा ठिकाणी परत पाठवण्याविरुद्ध यातनाविरोधी करारात जी मनाई आहे, तिला तर अपवादच नाही.

प्रत्यक्षात काय झाले, ते आकडे सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२० मध्ये साथीच्या ऐन काळात १६० हून अधिक देशांनी सीमा बंद केल्या होत्या आणि त्यांपैकी ९९ देशांनी आश्रय मागणाऱ्यांसाठीही अपवाद ठेवला नव्हता. अमेरिकेने १९४४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील एक जुनी तरतूद वापरून २० मार्च २०२० रोजी आदेश काढला. 'टायटल ४२' या नावाने ओळखला गेलेला हा आदेश ११ मे २०२३ पर्यंत लागू राहिला आणि त्या काळात सीमेवरून लाखो वेळा लोकांना आश्रयाची सुनावणी न होता परत पाठवले गेले. दुसऱ्या बाजूला, युगांडानेही मार्च २०२० मध्ये सीमा बंद केली होती. तरी काँगोतील हिंसाचारातून पळून सीमेजवळ अडकलेल्या सुमारे ३,००० लोकांना त्या वर्षीच्या जुलैच्या आरंभी आरोग्य तपासणी आणि विलगीकरणाची सोय करून आत घेतले गेले. साधनसामग्रीच्या दृष्टीने युगांडा श्रीमंत देशांच्या जवळपासही नाही. 'आरोग्य की आश्रय' अशी निवड करावीच लागते हा दावा या एका उदाहरणापुढे फारसा टिकत नाही.

बेकायदा मार्गाने प्रवेश केला असेल, तर संरक्षण मागण्याचा हक्क जातो का?

जात नाही. छळाच्या ठिकाणाहून थेट आलेल्या निर्वासिताने विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन प्रवेशाचे योग्य कारण दाखवले, तर त्याला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे कराराचे ३१ वे कलम सांगते. सीमा आणि कार्यालये दोन्ही बंद असताना 'विलंब न लावता' या शब्दांचा अर्थ अर्थातच परिस्थिती पाहून लावावा लागतो.

निर्वासितांना आरोग्यसेवेचा हक्क आहे, असे नेमके कुठे लिहिले आहे?

एकाच ठिकाणी नाही, आणि तीच अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ च्या घटनेने, गाठता येईल तितके उच्च आरोग्यमान हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क मानला. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १२ व्या कलमाने त्याला कायद्याचे रूप दिले. साथीच्या रोगांना प्रतिबंध, त्यांवर उपचार आणि नियंत्रण ही राज्यांची जबाबदारी म्हणून त्या कलमात नावानिशी नोंदलेली आहे. या कराराच्या समितीने २००० साली दिलेल्या १४ व्या सर्वसाधारण भाष्यात आणखी स्पष्टपणे म्हटले आहे की आश्रयार्थी आणि बेकायदा वास्तव्य करणारे स्थलांतरित यांच्यासह कोणालाही प्रतिबंधक, उपचारात्मक आणि वेदनाशामक सेवा नाकारू नयेत किंवा त्या मर्यादित करू नयेत. मुलांच्या बाबतीत बालहक्क कराराचे २२ वे आणि २४ वे कलम लागू होते.

१९५१ च्या करारात 'आरोग्याचा हक्क' असे स्वतंत्र कलम नाही. त्यातील २३ वे कलम सार्वजनिक मदतीबाबत आणि २४ वे कलम आजारपणासह सामाजिक सुरक्षेबाबत निर्वासितांना नागरिकांसारखी वागणूक देण्यास सांगते. परंतु दोन्ही कलमे 'कायदेशीररीत्या वास्तव्य करणाऱ्या' निर्वासितांसाठी आहेत, आणि प्रलंबित अर्ज असलेल्यांना त्यांतून वगळण्यासाठी हेच शब्द पुढे केले जातात. शिवाय १९६६ च्या करारातच विकसनशील देशांना, बिगरनागरिकांना आर्थिक हक्क किती प्रमाणात द्यायचे हे ठरवण्याची मुभा देणारी एक तरतूद आहे. आरोग्याला 'आर्थिक हक्क' मानायचे की नाही यावर वाद घालता येतो आणि घातलाही जातो. वकिलांना हा वाद रंजक वाटत असेल. श्वास घेता न येणाऱ्या रुग्णासाठी तो मिटेपर्यंत थांबणे शक्य नसते.

ज्या देशांनी १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, तेथे निर्वासितांना काहीच हक्क नसतात का?

असतात, पण ते वेगळ्या दारातून येतात. भारत, बांगलादेश, जॉर्डन आणि लेबनॉन हे देश या कराराचे सदस्य नाहीत, आणि तरी जगातील निर्वासितांपैकी फार मोठी संख्या अशाच देशांत राहते. तेथे संरक्षण येते ते देशाच्या राज्यघटनेतून, न्यायालयांच्या निकालांतून, इतर मानवी हक्क करारांतून आणि कधी केवळ प्रशासकीय आदेशांतून. भारताच्या घटनेतील २१ वे कलम 'नागरिक' न म्हणता 'व्यक्ती' म्हणते. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याच आधारावर, नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करण्यास राज्य बांधील आहे असा निर्णय दिला.

तत्त्व आणि यंत्रणा यांतले अंतर मात्र येथेही दिसते. भारतात लसीकरणाची नोंदणी ओळखपत्रावर चालत होती. मे २०२१ मध्ये विहित ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती आली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये देशात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्टच्या आधारे कोविन पोर्टलवर नोंदणीची परवानगी मिळाली. ही परवानगी स्वागतार्ह होती. परंतु ज्या सरकारच्या छळातून माणूस पळाला आहे त्याच सरकारने दिलेला वैध पासपोर्ट त्याच्या खिशात असेल, ही अपेक्षाच निर्वासितांच्या बाबतीत उलटी आहे. याउलट जॉर्डनने जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू करतानाच आपल्या भूमीवर राहणाऱ्या सर्वांना, निर्वासितांसह, मोफत लस देण्याचे ठरवले आणि इर्बिद शहरात एका इराकी निर्वासित स्त्रीला त्याच आठवड्यांत लस मिळाली. करारावर सही असणे आणि दवाखान्याचे दार उघडे असणे यांचा संबंध आपण समजतो तितका थेट नाही.

'फक्त तातडीची सेवा मिळेल' या नियमाचा महासाथीत काय परिणाम होतो?

अनेक देश आश्रयार्थींना सुरुवातीच्या काळात केवळ तातडीची किंवा अत्यावश्यक सेवा देतात. जर्मनीच्या १९९३ च्या आश्रयार्थी लाभ कायद्यानुसार तर आरंभीच्या महिन्यांत तीव्र आजार आणि वेदना यांवरील उपचार, गरोदरपण, लसीकरण अशा ठरावीक बाबींपुरतीच सेवा मर्यादित असते. सामान्य काळात हा नियम काटकसरीचा वाटतो. महासाथीत त्याचे दोष उघडे पडतात, कारण संसर्गजन्य रोगाचा सगळा भर लवकर ओळखण्यावर असतो, तर तातडीची सेवा रुग्ण खालावल्यावरच सुरू होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांवर नियमित उपचार न मिळालेला रुग्ण कोविडमध्ये अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. म्हणजे आधी गोळ्या नाकारून वाचवलेला पैसा नंतर अतिदक्षता विभागात कितीतरी पटींनी खर्च होतो.

'तातडी' ठरवते कोण, हाही प्रश्न आहे. ती डॉक्टरने ठरवायची असते. काही ठिकाणी उपचारांआधी समाजकल्याण कार्यालयातून चिठ्ठी आणावी लागते, तेव्हा ती वैद्यकीय शिक्षण नसलेला कारकून ठरवतो. आणि टाळेबंदीत ते कार्यालयच बंद असेल तर कोणीच ठरवत नाही.

चाचणी किंवा उपचारासाठी गेल्यास माझी माहिती पोलिसांना किंवा इमिग्रेशन विभागाला कळवली जाईल का?

बहुधा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत कमी उघडपणे विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. उत्तर देशागणिक बदलते. काही देशांत सार्वजनिक कार्यालयांवर, एखादी व्यक्ती परवान्याशिवाय राहत असल्याचे कळल्यास ती माहिती परदेशी नागरिक विभागाला देण्याचे बंधन आहे. जर्मनीच्या वास्तव्य कायद्याच्या ८७ व्या कलमात असे बंधन आहे. डॉक्टर आणि रुग्णालये यांना वैद्यकीय गोपनीयतेचे संरक्षण असले, तरी उपचाराचा खर्च मागण्यासाठी प्रकरण समाजकल्याण कार्यालयाकडे गेले की हे बंधन लागू होऊ शकते. तातडीच्या रुग्णालयीन उपचारांच्या बाबतीत मात्र ही वैद्यकीय गोपनीयता समाजकल्याण कार्यालयालाही लागू असल्याचे मानले गेले आहे. पण हे बारकावे एखाद्या घाबरलेल्या माणसाने रात्री दोन वाजता समजून घ्यावेत, ही अपेक्षा अवास्तव आहे. तो साधे गणित करतो: दवाखान्यात गेलो तर पकडला जाईन. आणि तो जात नाही.

यावरचा उपाय म्हणजे आरोग्य विभाग आणि इमिग्रेशन विभाग यांच्यात माहितीची देवाणघेवाण बंद ठेवणारी कायदेशीर भिंत. ब्रिटनने २९ जानेवारी २०२० रोजी कोविडचा समावेश परदेशी व्यक्तींनाही शुल्क न आकारता उपचार करायच्या रोगांच्या यादीत केला. निदान आणि उपचार दोन्ही मोफत झाले आणि केवळ कोविडची चाचणी वा उपचार घेणाऱ्यांचा इमिग्रेशन दर्जा तपासण्याची गरज नसल्याचे सांगण्यात आले. आयर्लंडच्या सरकारनेही परवाना नसलेल्यांना आरोग्यसेवा घेताना त्यांची माहिती पुढे दिली जाणार नाही, असे आश्वासन दिले. ब्रिटनच्या तरतुदीत एक भेग मात्र राहिली. कोविडची चाचणी नकारात्मक आली आणि धाप दुसऱ्याच एखाद्या आजाराची निघाली, तर पुढील रुग्णालयीन उपचारांना शुल्काचे नेहमीचे नियम लागू होऊ शकत होते. रुग्णाला आपला आजार कोणता हे आधी ठाऊक नसते. म्हणून एका रोगापुरती दिलेली सवलत भीती पूर्णपणे घालवू शकत नाही.

सरकारी खर्चाने उपचार घेतल्यास आश्रयाचा अर्ज फेटाळला जातो का?

आश्रयाची कसोटी छळाची भीती ही आहे, आरोग्यखर्च ही नाही. अमेरिकेत २४ फेब्रुवारी २०२० पासून, म्हणजे नेमक्या साथीच्या तोंडावर, सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याची शक्यता असलेल्यांना कायम वास्तव्य नाकारण्याचा कडक नियम लागू झाला आणि त्यामुळे ही भीती पसरली. निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक त्या नियमातून कायद्यानेच वगळलेले होते. कोविडची चाचणी व उपचार विचारात घेतले जाणार नाहीत, असेही संबंधित विभागाने मार्च २०२० मध्ये जाहीर केले. नियम मार्च २०२१ मध्ये रद्द झाला. अफवा मात्र वस्त्यांमध्ये त्यानंतरही बराच काळ फिरत राहिली.

राष्ट्रीय लसीकरण योजनेत निर्वासितांचा समावेश आहे असे सरकारने म्हटले, म्हणजे लस मिळाली असे समजायचे का?

योजनेत समाविष्ट असणे आणि दंडावर सुई टोचली जाणे यांच्यामध्ये ओळख क्रमांक, ऑनलाइन नोंदणी, मोबाइलवर येणारा संदेश, भाषा, केंद्रापर्यंतचा प्रवास आणि मुळात लशीचा साठा इतक्या पायऱ्या असतात. नोंदणीच्या अर्जात राष्ट्रीय ओळख क्रमांकाचा रकाना अनिवार्य असेल, तर धोरणपत्रिकेतील उदार वाक्याचा उपयोग होत नाही.

साठ्याचा प्रश्न तर अधिक मोठा होता. २०२० अखेर जगातील निर्वासितांची संख्या २ कोटी ६४ लाख होती आणि सक्तीने विस्थापित झालेल्या बहुसंख्य लोकांना विकसनशील देशांनीच थारा दिला होता; त्याच देशांना लस सर्वांत उशिरा मिळाली. बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्या निर्वासितांमधील पहिला रुग्ण १४ मे २०२० रोजी आढळला, तर तेथील लसीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये, ५५ वर्षांवरील लोकांपासून सुरू झाले. जे लोक कोणत्याही सरकारच्या योजनेत बसत नाहीत त्यांच्यासाठी कोव्हॅक्स या लसवाटपाच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने आपल्या साठ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत मात्रांचा मानवतावादी राखीव साठा ठेवला. कल्पना उत्तम होती. पण लशीचे दुष्परिणाम झाल्यास येणाऱ्या दाव्यांची जबाबदारी लस देणाऱ्याने उचलावी अशी अट अनेक उत्पादकांनी घातली होती. सरकारे ती उचलू शकत होती. मदतसंस्थांना ती परवडणारी नव्हती. त्यामुळे या साठ्यातील पहिल्या मात्रा नोव्हेंबर २०२१ मध्ये इराणमधील अफगाण निर्वासितांसाठी पोहोचल्या, तोवर श्रीमंत देशांत तिसऱ्या मात्रेची चर्चा चालू होती. निर्वासितांच्या लसीकरणात जो विलंब झाला त्याचे एक मोठे कारण असे करारपत्रातील एका कलमात दडलेले होते.

छावणीतील लोकांना बाहेरच्यांपेक्षा जास्त काळ कोंडून ठेवता येते का?

हालचालीच्या स्वातंत्र्यावर सार्वजनिक आरोग्यासाठी मर्यादा घालता येतात. अशा मर्यादांना कायद्याचा आधार असावा, त्या आवश्यक आणि प्रमाणशीर असाव्यात, शास्त्रीय पुराव्यावर आधारलेल्या आणि मुदतीच्या असाव्यात, त्यांत भेदभाव नसावा, अशा कसोट्या मानवी हक्कांवरील मर्यादांविषयी तज्ज्ञांनी १९८४ मध्ये तयार केलेल्या सिराक्यूझा तत्त्वांत मांडलेल्या आहेत. शेजारच्या गावात टाळेबंदी उठली आणि छावणीत ती केवळ छावणी आहे म्हणून चालू राहिली, तर ती या कसोटीवर टिकणे अवघड आहे. ग्रीसमध्ये मे २०२० मध्ये सर्वसाधारण निर्बंध शिथिल होऊ लागले, परंतु निर्वासित छावण्यांतील निर्बंध पुन्हा पुन्हा वाढवले गेले. लेस्बोस बेटावरील मोरिया छावणी सुमारे ३,००० लोकांसाठी होती. सप्टेंबर २०२० मध्ये आगीत ती भस्मसात झाली तेव्हा तेथे १२ हजारांहून अधिक लोक राहत होते. अशा ठिकाणी दारे बंद केल्याने विषाणू बाहेर पडत नसेल कदाचित, आत मात्र तो निर्वेधपणे पसरतो. पाण्याच्या एका नळावर शेकडो माणसे अवलंबून असताना 'अंतर ठेवा, हात धुवा' हा सल्ला छापील कागदापुरताच उरतो.

माहितीचा मार्ग बंद करणे हीसुद्धा एक प्रकारची कोंडीच असते. कॉक्स बाजारच्या छावण्यांत मोबाइल इंटरनेटवर सप्टेंबर २०१९ पासून असलेले निर्बंध ऑगस्ट २०२० मध्ये उठले. म्हणजे साथीचे पहिले कित्येक महिने लाखो लोकांना लक्षणे, चाचण्या आणि अफवा यांतील फरक तपासण्याचे साधे साधन नव्हते.

दुभाष्या मिळण्याचा हक्क असतो का?

काही देशांत आहे, अनेक देशांत नाही. जेथे नाही तेथेही, समजलेल्या माहितीवर आधारित संमती ही उपचाराची अट असल्यामुळे डॉक्टरांनी रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणे अपेक्षितच असते. लहान मुलांना दुभाष्या करू नये. आईच्या प्राणघातक निदानाची बातमी आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडून तिला कळणे क्रूर आहे, आणि भाषांतर चुकण्याची शक्यताही मोठी आहे.

वैध कागद जवळ नसेल, तर आजारी व्यक्तीने काय करावे?

जीव धोक्यात असेल तर कागदांची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. इतर वेळी जे काही हाताशी असेल ते सोबत न्यावे: आश्रयाच्या अर्जाची पोच, निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालयाचे कार्ड किंवा पत्र, मुदत संपलेला परवाना, मुलाखतीची तारीख कळवणारा संदेश, जुनी औषधांची चिठ्ठी. मुदत वाढवणारा सरकारी आदेश निघाला असेल तर त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी, कारण खिडकीवरील कर्मचाऱ्याला तो माहीत असेलच असे नाही. सेवा नाकारली गेल्यास नाकारणाऱ्याचे पद, दिवस, वेळ आणि दिलेले कारण लिहून ठेवावे, शक्य तर लेखी नकार मागावा. तक्रार करताना किंवा न्यायालयात जाताना याच नोंदीचा आधार होतो. खोटे नाव किंवा दुसऱ्याचे कार्ड मात्र वापरू नये. उद्या रक्तगट किंवा औषधाची ॲलर्जी चुकीच्या माणसाच्या नावे नोंदली गेली, तर त्याचा धोका दोघांनाही असतो, शिवाय आश्रयाच्या अर्जातील विश्वासार्हतेलाही धक्का बसतो.

निर्वासित डॉक्टर आणि परिचारिका यांना काम करता येते का?

एरवी पदवीची मान्यता, भाषेची परीक्षा आणि परवाना यांत वर्षे जातात. २०२० च्या वसंतात मनुष्यबळ अपुरे पडू लागले तेव्हा पेरू, चिली आणि अर्जेंटिना यांनी तेथे असलेल्या व्हेनेझुएलन आरोग्यकर्मींसाठी नियम सैल केले, तर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने परदेशात परवाना मिळालेल्या डॉक्टरांसाठी तात्पुरती सोय केली. कालपर्यंत टॅक्सी चालवणारा शल्यविशारद अचानक उपयोगी वाटू लागला. ही सोय बहुतेक ठिकाणी तात्पुरतीच राहिली.

टाळेबंदीत जन्मलेल्या मुलाची नोंदणी झाली नसेल, तर काय करावे?

जन्मानंतर तत्काळ नोंदणी हा बालहक्क कराराच्या ७ व्या कलमाने दिलेला हक्क आहे आणि तो पालकांच्या परवान्यावर अवलंबून नाही. साथीत नोंदणी कार्यालये बंद राहिल्याने अनेक निर्वासित बालकांचे जन्म नोंदायचे राहून गेले. ज्याचा जन्म कोठेच नोंदलेला नाही, त्याला आपण कोणत्या देशाचे हे पुढे सिद्ध करता येत नाही आणि राष्ट्रविहीन होण्याचा धोका वाढतो. बहुतेक देशांत उशिरा नोंदणीची तरतूद असते. काही ठिकाणी विलंब शुल्क लागते, काही ठिकाणी न्यायालयाचा आदेश.

अशा नोंदणीसाठी सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे प्रसूती झालेल्या रुग्णालयाने किंवा सुईणीने दिलेली जन्माची चिठ्ठी आणि बाळाचे लसीकरण कार्ड. उपचारासाठी कागद मागितले जातात, हे या पानावर अनेकदा आले. येथे क्रम उलटा आहे. आई रुग्णालयात येऊ शकली तरच बाळाचा पहिला कागद तयार होतो. म्हणून पकडले जाण्याच्या भीतीने घरी किंवा तंबूत प्रसूती झाली असेल, तर आई आणि बाळ यांना शक्य तितक्या लवकर एखाद्या आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे, तपासणीच्या कागदावर जन्माची तारीख, ठिकाण आणि आईवडिलांची नावे लिहून घ्यावीत आणि त्याच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात.